कोंबड्या किती पाळायच्या, हे मे महिन्यातली सावली ठरवते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या नव्या कॉलन्यांमध्ये बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत दहा-वीस कोंबड्या पाळून अंडी विकण्याची हौस वाढते आहे. हौस चांगलीच आहे. पण ‘घरबसल्या कमाई’च्या ज्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, त्यांत आपल्याकडचा उन्हाळा नसतो आणि शेजाऱ्याची खिडकीही नसते. किती अंडी विकायची यावरून लोक कोंबड्यांचा आकडा ठरवतात. खानदेशात तो आकडा मे महिन्यात भर दुपारी तुमच्या प्लॉटवर किती सावली उरते, यावरून ठरवायला हवा. या विषयात काम करणारे आम्ही काही जण म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. १२ कोंबड्यांना रोज सुमारे १ किलो ४०० ग्रॅम, महिन्याला ४२ किलो. खाद्य किलोला ३५ रुपये धरले तर महिन्याचे १,४७० रुपये झाले. सुधारित जातीची कोंबडी घरगुती सांभाळात वर्षाला १५० ते १६० अंडी देते असे धरा. पिसे गाळण्याचे दोन महिने आणि उन्हाळ्यातली घट त्यातच आली. म्हणजे १२ कोंबड्यांची महिन्याला सरासरी १५५ अंडी. एका अंड्याला नुसते खाद्यच साडेनऊ रुपयांचे पडले. हिरवा पाला आणि अंगणातले किडे-मुंग्या मिळाल्या तर त्यात रुपया-दीड रुपया वाचेल. लस, खुराड्यात अंथरायची भुशाची गादी, वीज आणि मेलेली कोंबडी अजून धरलेलीच नाही. तेव्हा १२ रुपयांखाली अंडे विकून काही उरत नाही, आणि दुकानातल्या पांढऱ्या अंड्याच्या भावाशी बरोबरी करण्याचा विचारही करू नये. गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतली आठ-दहा ठरलेली घरे. तेवढ्यांना आठवड्याला ३५-४० अंडी पुरतात आणि तेवढी १२ कोंबड्यांतून निघतात. ५० कोंबड्यांची अंडी कॉलनीत खपत नाहीत आणि ५० कोंबड्यांचा वास कॉलनीत मावत नाही.

आता ऊन. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमानच ४१ अंशांच्या वर असते. हवा ३२-३३ अंशांच्या पुढे गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा नुसता पंखा लावून उपयोग नाही, कारण अंगापेक्षा गरम हवा अंगावर आली की कोंबडी थंड होण्याऐवजी तापते. वारा ओल्या गोणपाटातून आला पाहिजे. मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे हा उपाय चांगला लागू पडतो. जूनमध्ये मात्र ढग येऊन हवा दमट झाली की गोणपाट भिजवणे आणि पाणी शिंपडणे बंद करावे. तेव्हा पाणी उडून जात नाही, नुसती ओल वाढते. त्या आठवड्यांत पंखा कामाचा. मेभर सांभाळलेल्या कोंबड्या जूनच्या पहिल्या उकाड्यात जातात त्या यामुळेच.

खुराडे कुठे बांधायचे? शक्य असेल तर घराच्या पूर्वेला. दुपारी दोननंतर घराचीच सावली तिकडे सरकते आणि चार वाजेपर्यंत चांगली लांब होते. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेले खुराडे म्हणजे भट्टी. तरी माध्यान्हीचा प्रश्न उरतोच. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात सूर्य अगदी डोक्यावर येतो, भिंतीची सावली शून्य होते. तेव्हा वरूनच झाकण हवे. कडुनिंब असेल तर उत्तम. नसेल तर शेवगा लावा, तो वर्षभरात छपराच्या वर जातो आणि पालाही कोंबड्यांना चालतो. मांडवावर गिलक्याचा वेल चढवला तरी चालेल, पण खालचे तीन फूट जाळीने झाका, नाहीतर वेल वर चढायच्या आधीच कोंबड्या त्याचा फडशा पाडतील. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत आणि पत्र्यापासून दीड-दोन फूट उंचीवर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणावी. नेट पत्र्यावर सरळ अंथरली तर मधली हवा खेळत नाही आणि फायदा निम्माही होत नाही. पत्र्यावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा केळीची वाळकी पाने टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गारवा चांगला मिळतो, पण वरून विजेची तार जात असेल तर ते करू नये.

अशी दाट सावली मेमध्ये जेवढ्या जागेवर मिळते, तिला १० चौरस फुटांनी भागा. येईल तेवढ्या कोंबड्या पाळा. १२० चौरस फूट सावलीत १२. मोकळी जागा ५०० चौरस फूट असली आणि सावली १२० चीच असली, तरी आकडा १२ च.

उन्हाळ्याचा दिनक्रमही वेगळा ठेवावा लागतो. खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून सकाळी १० ते संध्याकाळी ५ खाद्य उचलून ठेवावे. पहाटे साडेपाचला आणि सूर्य कलल्यावर घालावे. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत. हिवाळ्यात १२ कोंबड्यांना तीन-साडेतीन लिटर पुरते; मेमध्ये दुप्पट, कधी त्याहून जास्त लागते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हात पोळेल इतके गरम असते, कोंबड्या त्याला तोंड लावत नाहीत. भांड्यात पाणी दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि कोंबडी तहानेने मरते. सकाळीच माठ भरून ठेवा आणि ११, १ आणि ३ वाजता पाणी बदला. सावलीतल्या तीन बाय तीन फुटांच्या कोपऱ्यात वाळू टाकून ती ११ वाजता भिजवली तर कोंबड्या त्यात पोट टेकून बसतात. पंख पसरून, मान टाकून पडलेली कोंबडी दिसली तर तिला मानेपर्यंत साध्या पाण्यात मिनिटभर बुडवून सावलीत ठेवा. बर्फाचे पाणी नको.

उन्हाळ्यात कवच पातळ येते तेव्हा लोक शिंपल्याचा चुरा वाढवत राहतात. खरे कारण धापेत असते. धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. आधी गारवा द्या. शिंपल्याचे जाडसर कण संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण कवच रात्री तयार होते.

खुराड्याचे माप सांगायचे तर १२ कोंबड्यांना ६ बाय ६ फूट. पुस्तकी माप कोंबडीला दोन चौरस फुटांचे असते, आपल्याकडच्या उन्हाला तीन धरावे. मध्ये उंची ८ फूट, कडेला ६. खालची दीड फूट भिंत, वर सगळीकडे जाळी. कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि भिंत नसेल तिथे ती फूटभर जमिनीत गाडा, घूस तिथूनच शिरते. बसायला दोन इंच जाडीच्या गोल दांड्या, प्रत्येकीला ९ इंच, म्हणजे पाच-पाच फुटांच्या दोन. दोन्ही एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडणे होतात. अंडी घालायला फूट बाय फूट बाय फुटाची तीन खोकी, अंधाऱ्या बाजूला आणि दांडीपेक्षा खाली. वर ठेवली तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सकाळी घाणीत अंडे मिळते.

शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा वासाची असते, आणि वास ओलीतून येतो. एक कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते, तिच्यात तीन चतुर्थांश पाणी. यातली निम्मी रात्री दांडीखाली पडते. म्हणून दांडीखाली एक पत्रा ठेवा, त्यावर राख भुरभुरा आणि रोज सकाळी खरवडून काढा. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मा प्रश्न संपतो. जमिनीवर चार इंच गादी. भाताचे तूस नवापूरकडे सहज मिळते, जळगावकडे सुताराचा रंध्याचा भुसा बरा. करवतीचा बारीक भुसा नको, त्याची धूळ होते. शेंगांची टरफले फुकट मिळतात, पण ओल लागली की त्यांना बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसात जाते. गादी आठवड्यातून दोनदा दाताळ्याने उलटायची. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग त्याच दिवशी काढायचा. ओल्या गादीवर चुना फेकू नका, त्याने अमोनिया एकदम सुटतो आणि वास वाढतो; ओले काढून मग कोरड्यावर चुना टाका. उन्हाळ्यात माशीच्या अंड्याची माशी आठ-दहा दिवसांत होते, त्यामुळे काढलेले खत सात दिवसांहून जास्त उघडे राहता कामा नये. वाळका पाला किंवा पऱ्हाटीचा चुरा मिसळून खड्ड्यात झाकून दोन महिने कुजवा. ताजे खत गुलाबाला घातले तर गुलाब जळतो.

दुसरी तक्रार आवाजाची, तिचा उपाय सोपा: कोंबडा ठेवूच नका. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. विक्रीच्या दृष्टीनेही कोंबडा नसलेला बरा. फळलेले अंडे आपल्या उन्हाळ्यात नुसते टोपलीत राहिले तरी आत जीव धरू लागते आणि दोन-तीन दिवसांत बलकावर रक्ताच्या रेघा दिसतात. गिऱ्हाईक एकदा असे अंडे फोडते आणि पुन्हा येत नाही.

जात कोणती, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. साधी गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. अंड्यासाठी ती परवडत नाही. वनराजा आणि गिरिराज अंगाने जड, मांसाला चांगल्या, उन्हाला हळव्या. ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेडचा संकर अंड्याला बरा. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या दिसायला कशाही असोत, उन्हाळा त्याच चांगला काढतात. कडकनाथ अंड्याच्या संख्येसाठी कुणी घेऊ नये. एक दिवसाची पिल्ले कॉलनीत आणू नका: त्यांना तीन-चार आठवडे ऊब द्यावी लागते, आणि नर-मादी न निवडलेली असतील तर निम्मे कोंबडे निघतात. १२ ते १४ आठवड्यांच्या, लसी पूर्ण झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) ऑक्टोबरात घ्या. त्या डिसेंबरच्या सुमारास अंड्यावर येतात आणि उन्हाळ्याआधी जागेला रुळतात. मार्चमध्ये सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच घासाला खडा ओढवून घेतला असे समजावे.

थंडीत आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आत येतो, अंड्यासाठी १४ तास उजेड लागतो. एक ९ वॅटचा एलईडी टायमर लावून पहाटे चारला सुरू करा. संध्याकाळी दिवा वाढवू नका. तो विझतो तेव्हा कोंबड्या अंधारात दांडी शोधत राहतात. हा क्रम मध्येच मोडला, आठ दिवस दिवा बंद राहिला, तर पिसे गळायला लागून महिना-दोन महिने अंडी थांबू शकतात.

खाद्याबाबत खानदेशात तीन चुका हमखास होतात. घरात सरकीची ढेप असते म्हणून ती कोंबडीला घातली जाते. सरकीतल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे अंडी साठवली की बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि सरकीच्या तेलामुळे पांढरा भाग गुलाबी दिसतो. ढेप म्हशीलाच घाला. दुसरी चूक कच्च्या सोयाबीनची. भाजल्याशिवाय दळलेल्या सोयाबीनमधली प्रथिने कोंबडीला पचत नाहीत; तेल काढलेली, उष्णता दिलेली सोयाबीन ढेपच वापरावी. तिसरी चूक शिळ्या पोळ्या आणि भाताची. थोडे चालते, पण रोज पोटभर दिले तर प्रथिने कमी पडतात, कोंबडी चरबीने भरते आणि अंडे थांबते. दहा किलो मिश्रण घरी करायचे तर मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीन ढेप २ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, शिंपल्याचे कण ९०० ग्रॅम, खनिज मिश्रण १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम आणि जीवनसत्त्वांची भुकटी २० ग्रॅम. यात प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास बसतात. मका नीट वाळलेलाच हवा. काळसर, वास मारणारा मका अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धनी असतो, तो स्वस्तात मिळाला तरी नको. मक्याऐवजी दादर ज्वारी घातली तर बलक फिका पडतो, कारण तिच्यात पिवळा रंग नाही. मग लसूणघास किंवा शेवग्याचा पाला वाढवावा. अंड्याचे हे खाद्य १६ आठवड्यांच्या आतल्या तलंगांना देऊ नये, इतक्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. ४० अंशांच्या खुराड्यात दुपारभर राहिलेले अंडे विकण्याच्या लायकीचे नसते. धुऊ नका. कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, धुतल्यावर तो जातो; त्यात पाणी गार असेल तर आतला ऐवज आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसा, मळलेले घरी वापरा, टोकाची बाजू खाली ठेवा, पेन्सिलीने तारीख लिहा. कोंबड्यांना औषध दिले असेल तर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस अंडी विकू नका, हे गिऱ्हाइकाला कधी कळणार नाही तरीही. आणि तपकिरी कवचाला ‘गावरान’ म्हणून चढा भाव लावू नका. कवचाचा रंग जातीवर असतो. पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडे देते.

रोगांचे थोडक्यात. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात व चौथ्या आठवड्यात, त्याच रोगाची आर टू बी ही लस आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान, देवीची सहा-सात आठवड्यांत. तलंगा घेताना या तारखा लेखी मागा. आठवडी बाजारातून एखादी कोंबडी आणून तशीच कळपात सोडणे हे रोग घरात आणण्याचे सर्वांत जवळचे दार आहे. नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. एकाच दिवशी दोन-तीन अचानक मेल्या तर त्या नाल्यात टाकू नका, कापूही नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. बाधित क्षेत्र जाहीर झाले की परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. लपवल्याने रोग पुढच्या गल्लीत जातो.

लसीबाबत एक अडचण मात्र पाळणाऱ्याच्या हातातली नाही. लासोटा आणि आर टू बीच्या कुप्या शंभर-दोनशे मात्रांच्या येतात, एकदा विरघळवली की लस दोन तासांत वापरावी लागते. १२ कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कुणी धजत नाही आणि म्हणून कॉलनीतल्या बहुतेक कोंबड्या लसीविना राहतात. जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांनी शहरांलगतच्या प्रत्येक दवाखान्यात महिन्यातला एक ठरावीक वार सकाळी ७ ते ९ परसातल्या कोंबड्यांच्या लसीकरणासाठी राखून ठेवावा, दहा-पंधरा घरांत मिळून एक कुपी संपेल. तसेच निवासी प्लॉटवर किती कोंबड्यांपर्यंत हरकत नाही आणि शेजारच्या घरापासून किती अंतर हवे, हे महापालिका व नगरपालिकांनी लेखी जाहीर करावे. आज हे दोन्ही तक्रार आल्यावरच, तोंडी आणि माणूस पाहून ठरते.

— परसातील कुक्कुटपालनाशी संबंधित काही वाचक, जळगाव